औषध घ्यावे की न घ्यावे?

(श्री संत सेना महाराज यांच्या पुण्यतिथीनिमित्त मांजरसुंबा येथे भरलेल्या नाभिक समाजाच्या मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले आहे.)



दरवर्षी या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर वधू-वरांची नावे नोंदली जातात, आणि मग महाप्रसादास थोडा अवकाश असला म्हणजे कोणा निवृत्त माणसास बोलावयास उभे करतात. गेली काही वर्षे ते काम माझ्याकडे आहे. ‘शिक्षणाचे महत्त्व’ या एकाच विषयावर मी बोलत आलो आणि आपणही मोठ्या सोशिकपणाने ते ऐकून घेतलेत. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, या खेपेस मी माझ्या आजाराविषयी बोलणार आहे. त्यांच्या मुद्रेवर क्षणभर काळजी उमटली. पुण्यतिथीचा मंगल दिवस. त्यात दुखण्याचे रडगाणे कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु हे रडगाणे नव्हे. आपल्यापैकी काही घरांत हा प्रश्न आज उभा आहे, आणि तो दाराला कडी लावून बोलला जातो, हे मला ठाऊक झाले आहे, म्हणून बोलतो.

२०२२ सालच्या डिसेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावयाचे ठरले. एका खाजगी रुग्णालयात वेळ मिळाली. आदल्या दिवशी रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात थेंब घालून मी बाकावर बसलो असता आतून एक सेवक आला आणि भर मंडळीत म्हणाला, “या बाबांना सी निघाली आहे. यांचे आज होणार नाही.” माझ्या शेजारचा गृहस्थ उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. अडतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविली. एवढी शरम मला उभ्या नोकरीत कधी वाटली नव्हती. आणि गंमत अशी की, आपणांस काय निघाले आहे हे त्या वेळी मला मुळीच समजले नव्हते. ‘सी’ म्हणजे काय, हे मला घरी येऊन मुलाला दूरध्वनीवरून विचारावे लागले.

तेव्हा प्रथम ते सांगतो. यकृताला सूज येणे यास वैद्यकात हिपॅटायटीस म्हणतात. ती आणणारे मुख्य विषाणू पाच. इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या पाच अक्षरांनी ते ओळखले जातात. त्यांतील ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अन्नावरची वासना उडते. आपल्या खेड्यांतून ज्याला आपण कावीळ म्हणून ओळखतो ती बहुधा हीच. ती काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआप उतरते. येथेच आपली फसगत होते. कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतो, कोणी नाकात देवडांगरीचा रस सोडतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झाल्याचे दाखवितो. आणि रोगी बरा झाला की श्रेय माळेला मिळते. वास्तविक ती माळ न घालताही तो बराच होणार होता. (नाकात तो रस सोडल्याने कित्येकांना भयंकर त्रास झालेला मी पाहिला आहे, ते निराळेच.)

बी आणि सी यांची जात वेगळी. ते रक्तातून रक्तात जातात. बी प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही जातो. बी विषाणूविरुद्ध लस आहे आणि ती आता तान्ह्या मुलांना सरकारी लसीकरणात मिळते. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली चित्रीकरणातील अपघातानंतर दिलेल्या रक्तातून झाला तो बी. आपल्या यकृताचा पाऊण हिस्सा गेला असून उरलेल्या पावावर आपण चालतो, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. सी विषाणूविरुद्ध अद्याप लस निघालेली नाही. मात्र बी अंगात मुरला तर औषधाने सहसा केवळ ताब्यात राहतो. सी औषधाने समूळ जातो. बीला लस आहे, सीला औषध आहे, एवढे आपण पाठ केले तरी पुष्कळ झाले.

हा सी विषाणू फार उशिरा सापडला. रक्त दिलेल्या रोग्यांना पुढे यकृताचा विकार होतो, पण तपासावे तर ए नाही आणि बीही नाही, असे १९७० नंतरच्या दशकात ध्यानी आले. आणि बरीच वर्षे त्या रोगाचे नावच ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे होते. १९८९ साली मायकेल हाउटन व त्यांचे सहकारी यांनी तो विषाणू ओळखून काढला. या कार्याबद्दल हार्वे ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे साल मी मुद्दाम सांगत आहे. १९८९ पूर्वी जे घडले त्याबद्दल कोणाला बोल लावावयाचा, हा विचार मी पुष्कळ केला आणि सोडून दिला.

कारण मला तो कोठून आला हे सांगता येत नाही. माझे वडील धोकटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जात. सुटीच्या दिवशी मीही बरोबर असे. पाण्याची वाटी धरणे, वस्तऱ्याला धार लावून देणे हे माझे काम. एकच वस्तरा चामड्यावर परजून सकाळपासून पंधरा-वीस दाढ्या होत. कोठे कापले तर तुरटीचा एकच खडा या गालावरून त्या गालावर फिरे. धार पाहताना माझी बोटे किती वेळा कापली असतील! तो एक मार्ग. दुसरा मार्ग सुईचा. आमच्या लहानपणी काचेची पिचकारी आणि जाड सुई असे. डब्यात उकळली तर उकळली, नाहीतर तीच पुढच्या दंडात. तिसरा मार्ग १९८८ सालचा. आपल्या या मांजरसुंब्याच्या घाटात आमची जीप उलटली, मांडीचे हाड मोडले आणि मला दोन बाटल्या रक्त चढविण्यात आले. त्या वेळी रक्तात सी शोधण्याची तपासणीच जगात नव्हती. आपल्या देशात रक्तपेढ्यांना ती सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभी. डॉक्टरांचा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे. माझ्या मनातून मात्र तो तुरटीचा खडा जात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. हा रोग दुखत नाही. शंभर जणांच्या अंगात विषाणू शिरला तर पंधरा ते पंचेचाळीस जणांची प्रकृती त्याला सहा महिन्यांत आपोआप हुसकावते. बाकीच्यांत तो ठाण मांडतो. अशा ठाण मांडलेल्या शंभरांपैकी पंधरा ते तीस जणांचे यकृत वीस वर्षांत निबर होऊन आक्रसते, त्याला सिरोसिस म्हणतात. मग पोटात पाणी साठते, रक्ताच्या उलट्या होतात, काहींना यकृताचा कर्करोग होतो. तोपर्यंत माणूस शेतात राबतो, लग्नकार्ये करतो, दुकानात दहा-दहा तास उभा राहतो. फार झाले तर थोडा थकवा येतो, आणि थकवा कोणाला येत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात असे सुमारे ५५ लाख लोक होते. त्यांतील बहुसंख्यांना ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

तेव्हा काही होत नसताना औषध घ्यावे काय? हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न. आणि त्यापेक्षा मोठी होती ती भीती. ती कोठून आली तेही सांगणे प्राप्त आहे.

माझ्या थोरल्या भगिनीचे यजमान, आमचे दाजी, यांचे केजला दुकान होते. त्यांना हाच आजार २००८ साली निघाला. त्या काळचे औषध म्हणजे इंटरफेरॉन. आठवड्यास एक सुई, जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या, आणि ही तपश्चर्या सहा महिने, कित्येकांना पूर्ण वर्ष. दाजींनी दोन एकर रान विकले. दर सुईनंतर दोन दिवस ताप, अंग मोडून निघे. केस गळाले, रक्त कमी झाले. पण सर्वांत वाईट म्हणजे मन खचले. अत्यंत विनोदी माणूस. गिऱ्हाइकांची दुकानात हसून पुरेवाट होई. तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. आम्हांला वाटले, पैशाची चिंता असेल. ती उदासी त्या औषधाचाच परिणाम होती, हे मला पुढे पंधरा वर्षांनी समजले. सहाव्या महिन्यात त्यांनी उपचार सोडले. विषाणू गेला नव्हता. २०१४ च्या उन्हाळ्यात पोटात पाणी होऊन दाजी गेले. आक्काने तेव्हापासून एकच वाक्य धरून ठेवले आहे: “रोगानं नाही मारलं, औषधानं मारलं.”

म्हणून माझा अहवाल घरी कळला तेव्हा पहिला निरोप आक्काचा आला : “दादा, सुई घेऊ नकोस.”

घरात चार माणसे आणि पाच मते झाली. थोरले बंधू म्हणाले, साठी उलटली, पिकल्या पानाला आता कशाला खत? आमच्या मंडळींचे म्हणणे, पाटोद्याकडे कोणी वैद्य आहेत, त्यांच्या पुड्या महिनाभर घेऊन पाहाव्या. सुनेचे म्हणणे काहीच नव्हते, पण तिने माझे ताट-वाटी निराळी मांडली. तिचा दोष नाही, तिला कोणी काही सांगितलेच नव्हते. आणि मुलगा पुण्याहून रोज सांगे की औषध बदलले आहे, दाजींचे ते औषध आता कोणी देत नाही. मुलांवर आपण विश्वास ठेवीत नाही, हे एक आहे. मी तीन महिने काहीच केले नाही. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो सर्वांत सोपा असतो.

अखेरीस मी सरकारी केंद्रात गेलो तो औषधासाठी नव्हे, मुलाचा आग्रह मोडावा म्हणून. तेथील डॉक्टरीण बाई वयाने माझ्या विद्यार्थिनींसारखी होती. तिने पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, डोळ्याच्या रुग्णालयात झालेली तपासणी अपुरी आहे. ती तपासणी केवळ विषाणूशी झुंजण्यासाठी शरीराने तयार केलेली द्रव्ये दाखविते. चोर घरात येऊन गेला, एवढेच त्यावरून कळते. तो अजून माळ्यावर दडला आहे की नाही, हे कळण्यास दुसरी तपासणी लागते. तीत प्रत्यक्ष विषाणू मोजतात. तो न सापडला तर औषधाची गरजच नसते. बंधूंनो, एवढी एक गोष्ट न समजल्यामुळे किती माणसे निष्कारण झुरत असतील! माझ्या रक्तात मात्र तो सापडला. मग रक्तातील प्लेटलेट मोजल्या, सोनोग्राफी झाली, आणि बरगड्यांवर एक यंत्र टेकवून यकृताचा कठीणपणा पाहिला. सिरोसिस ही चौथी पायरी धरली तर मी तिसरीवर होतो.

तेथे मी तिला शिक्षकी पद्धतीने पाच प्रश्न विचारले. सुई किती? एकही नाही. गोळ्या किती? दोन औषधे, दिवसाला एकेक. किती दिवस? चौऱ्याऐंशी. बरे होण्याची खात्री किती? शंभरांत पंचाण्णव किंवा त्याहून अधिक. पैसे किती? काही नाही.

शेवटच्या उत्तरावर माझा विश्वास बसला नाही. फुकट ते बिनकामाचे, ही आपली समजूत. म्हणून त्यामागचा इतिहास मी मुलाकडून मागवून वाचला. सोफोसबुवीर हे औषध. ते शोधणाऱ्या मायकेल सोफिया या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नाव पडले. ते विषाणूला आपली प्रत काढू देत नाही, आणि प्रती निघाल्या नाहीत की विषाणूचा वंश खुंटतो. अमेरिकेत त्यास २०१३ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. किंमत एका गोळीस एक हजार डॉलर! बारा आठवड्यांच्या चौऱ्याऐंशी गोळ्यांना चौऱ्याऐंशी हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे पन्नास लाख रुपयांहून अधिक. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आपण ऐकून होतो, हा चौऱ्याऐंशी हजार डॉलरांचा फेरा नवीन. जगभर ओरड झाली. पुढे त्या कंपनीने २०१४ मध्ये भारतीय औषध कारखान्यांना हेच औषध बनविण्याची परवानगी दिली आणि २०१५ मध्ये आपल्याकडे अठ्ठावीस गोळ्यांची बाटली सुमारे वीस हजार रुपयांस मिळू लागली. नंतर भाव आणखी उतरले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य ठेवली. तेव्हा हे फुकट औषध हलके नव्हे. इतरांनी लाखो मोजून घेतलेले तेच हे औषध आहे. दाजी २०१४ च्या उन्हाळ्यात गेले आणि औषध २०१५ मध्ये आले. आक्काला हे मी अजून सांगितलेले नाही. कदाचित आज ती ऐकत असेल.

याच वाचनात इजिप्त देशाची हकीकत आली. तेथे नाईल नदीच्या पाण्यातून होणाऱ्या एका कृमिरोगावर सरकारने १९५० नंतरच्या दशकांत खेडोपाडी सुया टोचण्याची मोठी मोहीम चालविली. हेतू उत्तम होता. पण त्याच त्या काचेच्या पिचकाऱ्या नीट न उकळता वापरल्या गेल्या आणि लाखो लोकांत सी पसरला. जगात सर्वाधिक प्रमाण त्या देशाचे झाले. परंतु त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि ज्यांत विषाणू सापडला त्यांना औषध दिले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामाचा मोठा गौरव केला. हे वाचून माझ्या मनातील शरम पुष्कळ कमी झाली. एका अख्ख्या राष्ट्राला जे झाले ते मला झाले, यात माझ्या चारित्र्याचा काय संबंध?

तरीही सही करावयास मी आणखी पंधरा दिवस घेतले. मग एका सकाळी माझा चार वर्षांचा नातू माझ्या दाढीचे सामान घेऊन ओट्यावर बसलेला दिसला. गालाला फेस, हातात माझे खोरे. त्याला कोठे लागले नव्हते. पण माझे हात थरथरू लागले. आपल्या घरात जन्मलेले मूल खेळणार ते वस्तऱ्याशीच! त्याच दुपारी मी कपडे केले आणि बीडची एस्. टी. धरली.

औषध २०२३ च्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केले. सोफोसबुवीर आणि डॅक्लाटास्वीर, रोज एकेक गोळी, ठरल्या वेळी. सुरू करण्यापूर्वी बाईंनी माझ्याकडून चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव लिहून घेतले. हे फार महत्त्वाचे आहे आणि येथे लपवाछपवी करू नये. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी काहींना अमिओडॅरोन देतात; त्यासोबत हे औषध घेतल्यास ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. फिटांच्या काही गोळ्या आणि क्षयाचे रिफाम्पिसिन यांनी याचा गुण नाहीसा होतो. सिरोसिस झालेल्यांना वेल्पाटास्वीरची जोडी देतात. तिच्याबरोबर आम्लपित्ताची गोळी मनास येईल तेव्हा घेतली तर औषध अंगी लागत नाही. मधुमेह असणाऱ्यांची साखर उपचारात खाली येऊ शकते. बी विषाणू अंगात आहे की नाही हेही आधी पाहतात, कारण सी निघून जाताना दडलेला बी उसळतो. गरोदर भगिनींना हे औषध देत नाहीत, प्रसूतीनंतर देतात. आणि वैद्यांच्या पुड्या? बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या की, काका, ज्या पुडीत काय आहे ते देणारा सांगत नाही, ती यकृतालाच पचवावी लागते. तुमच्या यकृताला सध्या रजेची गरज आहे. मद्याविषयीही त्यांनी हेच सांगितले. तो प्रश्न माझ्यापुरता नव्हता, पण सभेतील काही मंडळींसाठी मी तो विचारून आलो आहे.

त्रास काय झाला? पहिल्या आठवड्यात डोके दुखले, आणि काही रात्री झोप उशिरा लागली. बाकी सांगण्यासारखे काही नाही. आपल्याकडचा उन्हाळा तापला तेव्हा बाटली माजघरातल्या फडताळात ठेवावी लागली, हीच काय ती शुश्रूषा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी रोज एक रेघ ओढीत असे. आक्का दर आठ दिवसांनी येऊन माझे तोंड निरखून जाई. मी हसतो की नाही, हे तिला पाहावयाचे असे.

जूनमध्ये गोळ्या संपल्या. पण गोळ्या संपल्या म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. त्यानंतर बारा आठवडे थांबून पुन्हा विषाणू मोजावा लागतो. पोळ्याच्या चार दिवस आधी निकाल आला : विषाणू आढळला नाही.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी आपणांस अर्धेच सांगितले असे होईल. विषाणू गेला तरी तिसऱ्या पायरीवर गेलेले यकृत लगेच पहिल्या पायरीवर येत नाही. ते हळूहळू सुधारते. कर्करोगाचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी मला सोनोग्राफीस जावे लागते. दहा वर्षे आधी कळते तर ही फेरी वाचली असती. दुसरी गोष्ट, पहिली ती साधी तपासणी माझी आता आयुष्यभर ‘आहे’ असेच दाखवील. चोर गेला, पण पावलांचे ठसे पुसत नाहीत. तेव्हा शेवटच्या अहवालाचा कागद जपून ठेवावा लागतो. डाव्या डोळ्याच्या वेळी मी दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तेथेही आतून माणूस आला, पण मी पिशवीतून कागद काढून त्याच्या हाती ठेवला. त्याने तो वाचला आणि मला आत नेले. आणखी एक; एकदा बरे झाल्याने कवच मिळत नाही. दूषित रक्ताशी पुन्हा संबंध आला तर रोग पुन्हा होऊ शकतो.

आता आपल्या धंद्याविषयी. हे बोलू नये असे मला दोघा-तिघांनी सुचविले. गिऱ्हाइके बिथरतील, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. हा रोग एका ताटात जेवल्याने, हात लावल्याने, केस कापल्याने होत नाही. कात्रीला रक्त लागले तरच प्रश्न. रक्त, सुई आणि शस्त्रक्रियेची अवजारे हे त्याचे मोठे रस्ते. दाढीच्या पात्याचा रस्ता त्यांच्या मानाने अरुंद आहे. पण तो आहे, आणि वाळलेल्या रक्तात हा विषाणू काही आठवडेही तग धरतो, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या बहुतेक दुकानांत आता प्रत्येक गिऱ्हाइकास नवे अर्धे पाते घालतात, याचा मला अभिमान वाटतो. मात्र तुरटीचा तो खडा अजून काही आरशांपुढे आहे! तो टाकावा, तुरटीची पूड करून कापसाच्या बोळ्याने लावावी आणि बोळा फेकावा. मानेवर फिरणाऱ्या यंत्राचे दात, कान कोरण्याची काडी, नखे काढण्याचे साधन यांकडेही लक्ष असावे. टाकलेली पाती उघड्या कचऱ्यात नकोत, झाकणाच्या डब्यात हवीत. कारण त्या पात्याने गिऱ्हाइकाच्या आधी आपले बोट कापते. दिवसाला तीस दाढ्या करणाऱ्याचा धोका एक दाढी करून घेणाऱ्याहून मोठा आहे.

ज्याला हा आजार आहे त्याने दुकान बंद करावयाचे कारण नाही. हे मी ठासून सांगतो, कारण भाषणाचा विषय बाहेर फुटल्यावर गेल्या पंधरवड्यात आपल्यातील दोघे जण निरनिराळ्या रात्री माझ्याकडे येऊन गेले. एकाला तीन वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीने बोलावून सांगितले होते. त्याने तो कागद पत्नीलाही दाखविला नाही. धाकट्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, तोवर गप्प राहावे, असा त्याचा विचार. दुसरा तरुण आहे. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जावे लागते, तेव्हा औषध मध्ये तुटले तर काय, म्हणून तो थांबला आहे. मी पहिल्यास म्हणालो, लग्नाची बोलणी करताना तुमचे पोट फुगलेले दिसले तर लोक काय विचारतील? दुसऱ्यास म्हणालो, आता श्रावण आहे; आज सुरू केलेस तर चौऱ्याऐंशी दिवस जवळजवळ दिवाळीला भरतात, आणि थोडे उरले तर बाटली बरोबर नेता येते की नाही, ते डॉक्टरांना विचारू. दुसरा तयार झाला आहे. पहिल्याचे अजून ठरलेले नाही. त्याने ठरवावे, त्याचे नाव माझ्या तोंडून कोणी ऐकणार नाही.

आपल्या समाजाविषयी एक जुनी हकीकत मला नेहमी आठवते. विधवांच्या केशवपनाच्या दुष्ट रूढीविरुद्ध, महात्मा फुले यांच्या विचाराने आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक बांधवांनी जमून ठरविले की हा वस्तरा आम्ही विधवांच्या मस्तकावर चालविणार नाही. हक्काचे उत्पन्न सोडून ठरविले. ती माणसे शिकलेली नव्हती.

अध्यक्ष महाराज, माझी मंडळाकडे एकच विनंती आहे. पुढील वर्षी या दिवशी वह्या वाटपाबरोबर रक्ततपासणीचाही एक दिवस ठेवावा. जिल्हा रुग्णालयास रीतसर पत्र द्यावे. मात्र निकाल ध्वनिक्षेपकावरून, यादी लावून किंवा भर मंडळीत सांगावयाचा नाही. ज्याचा त्याला, एकट्याला, बंद पाकिटात. बाकावरून उठून जाणारा तो गृहस्थ मला अजून दिसतो.

माझे घर वेशीजवळच्या मारुतीच्या मागे आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. सायंकाळी पाचनंतर मी घरीच असतो. कोणास सोबत हवी असेल तर पहिल्या एस्. टी.ने बीडला यावयास मी तयार आहे. भाडे ज्याचे त्याने द्यावे. माझे अर्धे तिकीट लागते.